मागची सीट

"मग मी कुठे बसायचं?" आई म्हणाली. गाडीची मागची सीट काढून मी नुकतीच वर आणली होती आणि गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, उभी करून ठेवली होती. आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं आणि उत्तराची फारशी वाट न बघता पुन्हा काड्या वेगळ्या करायला लागली. मी म्हणालो, "अगं, ही गाडी आता फक्त शर्यतीची. आपण ती रस्त्यावर काढणारच नाही. येण्याजाण्याला दुसरी आहे ना." "हो, आहे की," ती म्हणाली, आणि विषय संपला. ती रागावली असती तर मी तिला वजनाचं गणित समजावत बसलो असतो. पण त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य मला सोडेना. हातात पाना असताना, ऑफिसातून येताना विक्रोळीच्या सिग्नलला अडकलेलो असताना, ते मधूनच येऊन जायचं.

गाडी होंडा सिटी. जुन्या ठेवणीची, १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन असलेली. सिटी १९९८ साली आपल्याकडे आली आणि काही वर्षांतच तिच्यात हे १०६ एचपीचं इंजिन बसलं. त्या काळी आमच्या वयाची मुलं हा १०६ आकडा फार आदराने उच्चारायची. बाबांनी ती सेकंडहँड घेतली. चालवायचे बाबा, शेजारी मी, आणि मागे डावीकडे आई. पुढे मी चालवायला लागलो, बाबा शेजारी आले, आई तिथेच. बाबा गेल्यावर माझ्या शेजारची सीट रिकामी झाली, तरी ती मागेच बसत राहिली. "पुढे ऊन लागतं" हे तिचं कारण, आणि ते रात्रीच्या प्रवासालाही चालायचं. भांडुपहून कोल्हापूर, अलिबाग, नात्यातली लग्नं, मुलुंडच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, हे सगळं तिने त्या डाव्या खिडकीतून पाहिलं. सीट उचलली तेव्हा खाली केसांच्या पिना निघाल्या, कागदाला चिकटून दगड झालेली चिंचेची गोळी निघाली, लोकलच्या तिकिटाचं एक जुनं सीव्हीएम कूपन निघालं आणि काशीदची वाळू निघाली. फोमला अजून मोगऱ्याचा आणि घामाचा मिळून एक वास होता. मी तो दोनदा घेतला आणि मग पटाशीने तळाचे डांबरी थर खरवडायला बसलो. गाडीतला आवाज कमी व्हावा म्हणून कंपनीने ते चिकटवलेले असतात. त्यांचंही वजन असतं.

इथे मला गणित सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय हे सगळं वेडेपणाचं वाटेल. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. उभ्या गाडीने सुटायचं आणि ते अंतर किती सेकंदांत कापलं ते मोजायचं, एवढीच ही शर्यत, ड्रॅग रेस. या वेळेचा एक जुना, अनुभवातून आलेला ठोकताळा आहे. गाडीच्या वजनाला इंजिनाच्या ताकदीने भागायचं, आणि वेळ त्या भागाकाराच्या घनमुळाप्रमाणे बदलते. घनमूळ हा फार कडक मालक आहे. वेळ निम्मी करायची तर ताकद आठपट लागते. दहा टक्के ताकद वाढवली तर वेळ जेमतेम तीन टक्क्यांनी उतरते, म्हणजे सोळा सेकंदांतला अर्धा सेकंद. पण तोच भागाकार उलटा वाचला तर वजन दहा टक्क्यांनी कमी केल्यावरही तेवढाच अर्धा सेकंद मिळतो. इंजिनात दहा टक्के शोधायला हजारो रुपये आणि महिने जातात. गाडीतून शंभर किलो काढायला पाना आणि रविवार पुरतो. मागची सीट मी गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. पाठ आणि बैठक मिळून सोळा किलोच्या आसपास भरली. स्टेपनी तेवढीच. मग एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, जॅक, दारांच्या आतले स्पीकर, डिकीतला गालिचा. एकेक वस्तू काट्यावर जायची आणि मी वहीत लिहायचो. नोकरीत माझं काम मोजमापाचंच आहे, मायक्रोमीटर घेऊन बसणारा मी माणूस. त्या वहीतला प्रत्येक आकडा मला मनापासून आनंद देत होता.

आणि तरी सोळा किलोच्या ओळीपुढे पेन थोडं थांबायचं.

मागचं वजन आधी काढण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते या खेळाच्या मुळाशी आहे. सिटीची पुढची चाकं ओढतात. गाडी सुटते तेव्हा तिचा बराच भार मागे सरकतो. लोकलने झटक्यात वेग घेतला की पॅसेजमधली उभी माणसं मागे जातात, तसाच. म्हणजे ज्या चाकांनी रस्ता धरायचा, त्याच चाकांवरचा भार नेमका हव्या त्या क्षणी हलका होतो. चाकं जागच्या जागी फिरतात, रबर जळतं, धूर होतो, बघणारे ओरडतात आणि घड्याळ पुढे जात राहतं. रस्त्यावर गाडी "मॉडिफाय" करणाऱ्या बहुतेकांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं: फ्री-फ्लो सायलेन्सर, कोल्ड एअर इनटेक, रिमॅप. ते सगळं मीही केलं. हेड उतरवलं, पोर्ट घासून घेतले, फेसिंग करून कॉम्प्रेशन थोडं चढवलं, आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिनात होणारी ठोकाठोक, होऊ नये म्हणून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायला लागलो. पण त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मी पहिल्या १८ मीटरवर घालवला. साठ फूट. ड्रॅगवाले त्या अंतराची वेळ वेगळी मोजतात, कारण तिथे वाचलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीड ते दोन दशांश होतो. जी गाडी लवकर वेग पकडते ती पुढचं सगळं अंतर वाढलेल्या वेगाने कापते.

म्हणून मागच्या स्प्रिंग कडक केल्या, जेणेकरून शेपूट खाली बसू नये. इंजिन ज्यांवर टेकतं ते मऊ रबरी माउंट काढून पॉलियुरेथिनचे बसवले, कारण जुन्या माउंटवर इंजिन उचललं जाऊन पुढची चाकं थडथड उडायची. पुढच्या टायरची हवा ३० पीएसआयवरून २२ वर आणली, मागची उलट वाढवली. मऊ रबराचे टायर घातले. डॅशबोर्डवर वेळ आणि वेग नोंदवणारा जीपीएसचा लॉगर लावला. गाडी मूळ अवस्थेत होती तेव्हा पहिले १८ मीटर साधारण २.६ सेकंदांत जायची. या सगळ्यानंतर ती २.२ च्या जवळ आली. चार दशांश सेकंद, आणि यात इंजिनाचा वाढवलेला एकही घोडा नाही. हे आकडे मी आईला जेवताना सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सुरुवात चांगली व्हायला हवी." मी म्हणालो, हो, तेच.

सगळ्यात जास्त मी शिकलो ते मात्र एका गाळ्यात. एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला, भांडुपमध्ये, पत्र्याच्या छपराखाली एक लेथ आहे आणि त्या लेथवर एक काका उभे असतात. वय सत्तरीच्या घरात. ते टर्नर होते, इथल्याच एका कारखान्यात. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत हा सगळा पट्टा कारखान्यांचा होता, भोंग्यावर चालायचा. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि आता तिथे काय उभं आहे तेही. कारखाने गेले. पण त्या माणसांच्या हातातली नजर एका दिवसात जात नाही. ती अशा गाळ्यांतून शिल्लक आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटाने सांगणारी. गाळ्यात शिरलं की कूलंटचा आंबूस वास येतो, पायाखाली लोखंडाचे कुरळे कीस चुरचुरतात, आणि खंडेनवमीला लेथला घातलेला झेंडूचा हार दिवाळीनंतरही वाळून तसाच असतो.

मी त्यांच्याकडे फ्लायव्हील हलकं करायला नेलं. बिडाचं जड चाक. क्रँकच्या टोकाला फिरतं आणि इंजिनाची चाल सारखी ठेवतं. ते हलकं केलं की रेस देताच इंजिन पटकन चढतं. काकांनी ते चकमध्ये धरलं, डायल लावून डगमग काढली आणि कडेच्या बाजूने कट घ्यायला सुरुवात केली. मध्यापासून जितकं दूर, तितकं वजन फिरवायला जड, म्हणून कडेचं एक किलो मधल्या कित्येक किलोंना भारी पडतं. बिडाची काळी भुकटी त्यांच्या बनियनवर बसत होती. ठरल्याएवढं उतरल्यावर मी म्हणालो, "काका, अजून एक किलो उतरवूया ना?"

त्यांनी मशीन बंद केलं.

"कशाला? गाडी जागची हलवणार कशाच्या बळावर? या चाकात साठवलेलं असतं त्याच ना? तेच आधी काढून टाकलंस तर क्लच सोडल्या सोडल्या इंजिन बसेल. आणि बीड आहे हे, पोलाद नाही. सात हजारांच्या फेऱ्यांवर फुटलं तर तुझ्या पायाशी फुटेल." एवढं बोलून त्यांनी चाक खाली उतरवलं आणि बॅलन्सिंगला कुठे न्यायचं तो पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. हा माणूस आयुष्यात कधी ड्रॅग रेसला गेलेला नाही. पण मी जे महिनोन् महिने वाचत होतो ते त्यांना हातातून ठाऊक होतं: सगळंच हलकं करून चालत नाही, काही जडपणा सुटण्यासाठीच लागतो. कुठून किती काढायचं हे ज्याला कळतं त्याला मी कारागीर म्हणतो. त्या दिवशी घरी येताना ते चाक मी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो होतो, आणि मला गॅलरीतली सीट पुन्हा आठवली. ती वहीतल्या हिशोबात बरोबर होती. तिचं काढणं आजही मला बरोबर वाटतं. पण काकांनी विचारलेला "कशाला?" मी तिच्या बाबतीत स्वतःला विचारलाच नव्हता, तो आईने विचारला होता, वेगळ्या शब्दांत.

गिअरबॉक्सची गोष्ट थोडक्यात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे गाड्यांचे दरवाजे भिंतीला लावलेले असतात आणि इंजिनं फुटपाथवर तेल गाळत बसलेली असतात, तिथे हिंडून मी जास्त छोट्या फायनल ड्राइव्हची, म्हणजे सुटताना जोर जास्त पण प्रत्येक गिअर लवकर संपवणारी, पेटी मिळवली. गाडी सुटायला जोरदार झाली. पण शेवटची रेषा ३० मीटरवर असताना तिसरा गिअर संपायला लागला आणि चौथा टाकावा लागला. गिअर बदलताना जो क्षणभर जोर तुटतो, तो ऐन शेवटाला तुटायचा. सुरुवातीला मिळवलेलं तिथे अर्धं परत जायचं. शेवटी मूळची पेटीच पुन्हा चढवली, कारण तिचा तिसरा १४० च्या आसपास संपतो आणि माझी गाडी रेषा ओलांडते तीही जवळपास त्याच वेगाला. होंडाच्या कुठल्यातरी इंजिनिअरने माझ्या रेषेचा विचार न करता केलेलं गणित माझ्या रेषेला नेमकं बसलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पळवायची कुठे, हा मुंबईकराचा खरा प्रश्न. आमच्या बिल्डिंगपासून भांडुप स्टेशनपर्यंतचा पट्टा जवळपास पाव मैलच भरेल, आणि संध्याकाळी तो कापायला गाडीला दहा मिनिटंही लागतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. म्हणून माझी सिटी फ्लॅटबेडवर चढून खंडाळ्याचा घाट चढते. लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर "व्हॅली रन" ही ड्रॅग रेस भरते, तिथे जाते. मी गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते. पहाटे गवतावर दव, तोंडातून वाफ, आणि शंभर-दीडशे इंजिनांच्या धुराचा गोडसर जळका वास. सहाशे मीटरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे टर्बो नसलेल्या माझ्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उतरते. पण मुंबईची ती दमट, जड वाटणारी हवा खरं तर इंजिनासाठी हलकीच असते. वाफेने प्राणवायूची जागा घेतलेली असते. इथली कोरडी गार हवा दाट. उंचीने नेलं त्यातलं बरंचसं थंडीने परत दिलं.

मग ते दिवे. गाडी इंचाइंचाने पुढे घ्यायची, सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणात चाक आलं की खांबावरचे वरचे छोटे दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. घड्याळ मात्र हिरव्याला सुरू होत नाही. तुमचं पुढचं चाक किरणातून हललं की ते सुरू होतं. तुम्ही उशिरा जागे झालात तर तो उशीर वेगळा लिहिला जातो. म्हणून कमी वेळेत पळालेली गाडीही शेजारच्याकडून हरू शकते. मला हा नियम फार आवडतो. गाडीचं गाडीला आणि माणसाचं माणसाला, दोन्हींचा हिशोब वेगळा. मी इंजिन साडेतीन ते चार हजारांच्या मध्ये धरलं, क्लच सोडला, चाकं एक क्षण किंचाळली आणि मग त्यांनी धरलं. रिकाम्या गाडीत, डांबरी थर नसलेल्या पत्र्यावर, खडे उडून आपटत होते. पुढे सगळा फक्त आवाज होता. मूळ अवस्थेत सतराच्या वर घुटमळणारी गाडी पंधराच्या घरात आली. वेळा छापलेला कागद हातात घेतला तेव्हा बोटं थरथरत होती.

घरी आल्यावर आई गॅलरीत होती. तिने ती सीट खाली ठेवून तिच्यावर जुनी सतरंजी घातली होती, आणि भिंतीला टेकून पेपर वाचत बसली होती. डावीकडच्या जागेवर. तिने हे कधी केलं ते मला कळलंही नव्हतं. दुपारी तिथे वारा येतो म्हणाली. मला बरं वाटलं आणि पोटात काहीतरी हललंही, आणि या दोन्हींतलं कुठलंही मला खोटं म्हणता येत नाही. मी तिला कागद दाखवला. तिने चष्मा सारखा केला, खालच्या मोठ्या आकड्याकडे न बघता वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे सुरुवातीचं का? मागच्यापेक्षा कमी आहे ना?" होतं.

हे सगळं लिहायला बसलो ते आणखी एका कारणाने. आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा आहे, विशीतला, चुणचुणीत. त्याच्या हॅचबॅकचा सायलेन्सर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. "काका, किती पॉवर काढली?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी विचारलं, तुझी साठ फुटांची वेळ किती? त्याला माहीत नव्हती. असणार कशी, तो पळवतो रात्री दोनला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ल्याच्या ऑफिसांच्या रस्त्यांवर, नाहीतर वांद्र्याच्या रेक्लमेशनला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं त्याच कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि पोलीस पकडतात, तेही योग्यच आहे. पण त्याच्या डोळ्यांत जी भूक आहे ती मी ओळखतो, ती माझीच आहे. फरक इतकाच की तिथे काहीच मोजलं जात नाही. कोण जिंकलं ते ओरडण्यावर ठरतं. आणि शेवटच्या रेषेनंतर काय, हा विचारच नसतो. १४० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जाते, आणि बीकेसीत रेषेच्या पुढे सिग्नल असतो, डिलिव्हरीची बाइक असते, डबा घेऊन घरी निघालेला सिक्युरिटीवाला असतो.

अमेरिकेत हा खेळ रस्त्यांवरून उचलून धावपट्ट्यांवर नेला तो १९५० च्या सुमारास. कॅलिफोर्नियात सँटा अ‍ॅनाच्या विमानतळावर गाड्या धावू लागल्या, १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग रेसची संस्था उभी राहिली, नियम झाले. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवरच शर्यती वाढल्या. आणि जिथे एवढी वर्षं मोजमाप चाललं, तिथेही जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा नावाजलेला चालक गेला. त्याची गाडी पट्टीच्या शेवटी थांबू शकली नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच एनएचआरएने सर्वांत वेगवान गाड्यांसाठी पाव मैल सोडून दिला आणि अंतर १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणलं. पिढ्यान् पिढ्या पवित्र मानलेला आकडा त्यांनी बदलला, थांबायला जागा मिळावी म्हणून.

आपल्याला वर्षातून एखादा सोहळा पुरणार नाही. दर रविवारी उघडी असणारी जागा हवी, जिथे कुणीही थोडे पैसे भरून आपली गाडी पळवेल आणि हातात कागद घेऊन जाईल. लागतं तरी काय? एक किलोमीटर सरळ डांबर, ४०२ मीटर धावायला आणि उरलेलं थांबायला. दोन्ही बाजूंना कठडा, शेवटी वाळूचा पट्टा, एक अ‍ॅम्ब्युलन्स, दिव्यांचा खांब. मुंबईपासून दोन तासांच्या आत एवढं कायमचं मिळालं तर त्या मुलाला मी पहिल्याच रविवारी घेऊन जाईन. गाडीला पाना लावू देणार नाही. आहे तशी पळव म्हणेन, सायलेन्सरसकट. आधी तिची आजची वेळ कागदावर येऊ दे, मग काय काढायचं आणि काय ठेवायचं ते बसून बोलू.